निळा बडग्या

काळजी हा माझा जोडधंदा आहे. पोटापाण्यासाठी मी कोर्टात लघुलेखिका म्हणून काम करते, पण उरलेल्या वेळात काळजी करते आणि त्या कामात माझा हात कुणी धरू शकणार नाही. नवरा म्हणतो, एखाद्या दिवशी घरात काळजी सापडली नाही तर तू शेजारून वाटीभर उसनी आणशील. म्हणू दे. तो गांधीबागेतल्या कापडाच्या ठोक दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी हसून बोलतो, तसाच घरीही हसून बोलतो. दोघांपैकी एकाने तरी धास्तावलेलं असायला हवं ना.

आमची लेक अकरा वर्षांची आहे. तिला ऑटिझम आहे. ती कमी बोलते आणि समोरच्याचा शब्द जसा आला तसाच घेते. माणसं एक बोलतात आणि त्यांच्या मनात दुसरंच असतं, हे तिला कबूलच नाही. मागे एकदा शेजारच्या काकूंनी लाडाने सांगितलं, "बेटा, हे घर तुझंच समज." लेक तसंच समजली. त्यांच्या फ्रिजमधलं श्रीखंड संपवलं, काकूंची मालिका चालू होती ती बदलली, आणि काका ऑफिसातून आले तेव्हा दारातच त्यांना विचारलं, "कोण पाहिजे?" काका पोट धरून हसले. मी मात्र कितीतरी दिवस त्यांच्या दारावरून खाली मान घालून जात होते.

म्हणून तिच्याशी बोलताना मी शब्द तोलून वापरते. तिला ऑटिझमबद्दल सांगायची वेळ आली तेव्हा तर मी आठवडाभर वाक्यं जुळवत होते. मी तिला म्हटलं, "ऑटिझम म्हणजे सर्दी नाही, आली नि गेली असं नाही. तुझे केस कुरळे आहेत ना, तसं तुझं डोकं या पद्धतीने चालतं. तो तुझ्यातच आहे. कायम राहणार. तो काढला तर तू उरणारच नाहीस." तिने आरशात केसांकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं." तेव्हापासून ती सगळ्यांना बिनधास्त सांगते. ठेल्यावरच्या फळवाल्याला सांगते, "मला ऑटिझम आहे. अर्धा किलो पेरू द्या." तोही पेरू निवडत म्हणतो, "ठीक हाय बेटा." ते ऐकून माझी छाती अभिमानाने फुगायची, खोटं कशाला सांगू.

अशी मुलं असलेल्या आम्हा आईबापांचा एक गट आहे. रविवारी आम्ही जमतो. एका विहाराच्या मंडळींनी त्यांचं सभागृह आम्हाला मोकळ्या मनाने वापरायला दिलं आहे. पंखे जोरात लावले की काही मुलं कान झाकून घेतात, म्हणून उन्हाळ्यातही आम्ही पंखे हळूच लावतो आणि घाम पुसत बसतो. गटात एक दातांच्या डॉक्टर आहेत, नरखेड तालुक्यातले एक संत्र्याचे बागायतदार आहेत, एक ऑटोवाले दादा आहेत. कुणी मुलाला परदेशातून मागवलेलं जड पांघरूण देतं, कुणी पोत्यात धान्य भरून तेच काम भागवतं. कुणाला थेरपीच्या वेळा जमत नाहीत, कुणाला थेरपी हा शब्दच पहिल्यांदा इथे कळलेला असतो. पण "आपल्या मागे याचं काय" हा प्रश्न निघाला की सगळे सारखेच गप्प होतात.

त्या गटात बुटीबोरीहून एक बाई येते. मी तिला ताई म्हणते, तीही मला ताईच म्हणते. ती तिथल्या एका सुताच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, नवरा दुसऱ्या कारखान्यात माल चढवतो. त्यांचा मुलगा चौदा वर्षांचा, बापापेक्षा उंच, अजिबात न बोलणारा. दोघांच्या पाळ्या एकाच वेळी आल्या की त्याला खोलीत ठेवून बाहेरून कडी लावतात. हे तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं. कुणी भुवया उंचावल्या नाहीत. शेजारी सांभाळत नाहीत, शाळेने नाव काढून टाकलं, मग तिने करायचं तरी काय? एकदा कडी नीट लागली नव्हती, तर तो निसटला आणि कुठल्याशा गेटमधून आत शिरला. तिथल्या चौकीदाराला वाटलं चोर आहे. पट्ट्याने मारलं त्याला. नाव विचारलं तर सांगत नाही, हात झटकतो, म्हणून आणखी मारलं.

मला ते ऐकून फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली. माझी लेक मॉलमध्ये अनोळखी बाईच्या साडीचा पदर बोटाने चाचपते तेव्हा ती बाई म्हणते, "कित्ती गोड!" तिच्या पोराने तेच केलं असतं तर? गोडपणा वय पाहतो, कपडे पाहतो, उंची पाहतो. माझी लेकही काही अकराचीच राहणार नाही.

गटात बोलायची हौस मला आहे. आपल्या मुलांना आजारी म्हणायचं नाही, बिचारी म्हणायचं नाही, मुलं दुरुस्त करायची नाहीत, जग दुरुस्त करायचं, असं मी ठासून सांगते. लोक टाळ्या वाजवतात. बुटीबोरीची ताई वाजवायची नाही. तिच्या एका हातात कायम पोराचं मनगट असायचं.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी आमच्या ले-आऊटच्या, म्हणजे वसाहतीच्या, समितीचे अध्यक्ष घरी आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, सगळ्या ले-आऊटचे आजोबा. कुणाच्या नळाला पाणी आलं नाही तरी त्यांनाच आधी कळतं. म्हणाले, "बेटा, औंदा तान्ह्या पोळ्यात तुमच्या त्या रविवारच्या सगळ्या पोरायले बोलाव. आपलीच पोरं हायेत ना गा ते?" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलांचा तान्हा पोळा भरतो. चाकं लावलेले लाकडी बैल सजवून मुलं रांगेत उभी राहतात, आणि मोठी माणसं त्यांना बोजारा म्हणून खाऊ देतात. माझी लेक आजवर त्या रांगेत कधी उभी राहिली नव्हती. गॅलरीतून बघायची. एका वर्षी तिला नेलं होतं तेव्हा समितीतल्याच कुणीतरी "हिला जरा बाजूला घ्या" म्हटलं होतं, आणि ती रस्त्याच्या कडेला जाऊन अगदी बाजूला उभी राहिली होती, कार्यक्रम संपेपर्यंत.

त्यामुळे मला रडूच फुटलं. आजोबा बिचारे घाबरले, चहा न घेताच उठायला लागले. रविवारी गटात सांगितलं तर सगळ्यांना आनंद झाला. बुटीबोरीची ताई म्हणाली, "माह्या पोट्ट्यानं बैल धरला नाई कधी. गावात त्याले कोणी उभं नाई करत. घेऊन येतो, ताई." तिने सुट्टी मागून ठेवली. ऑटोवाले दादा म्हणाले, मी बुटीबोरीहून घेऊन येईन दोघांना.

आणि मग पोळ्याच्या चार-पाच दिवस आधी मला बडग्याचं कळलं.

नागपूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. त्याच दिवशी, म्हणजे पोळ्याच्या पाडव्याला, शहरात मारबतीच्या मिरवणुका निघतात. पिवळी मारबत, काळी मारबत असे बाईचे मोठे पुतळे, आणि त्यांच्या मागे कागदा-कापडाचे पुरुषांचे पुतळे, म्हणजे बडगे. वर्षभरात लोकांना जे जे छळतं त्याचा बडग्या करतात. महागाईचा करतात, डेंग्यूचा करतात, लाचखोरीचा करतात. लोक ओरडत जातात, "इडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" आणि शेवटी ते सगळं जाळून टाकतात. लहान लहान वस्त्यांतही मुलं आपापले बडगे करतात. आमच्या समितीने ठरवलं, औंदा आपल्या पोरांसाठी ऑटिझमचा बडग्या करायचा. निळा, कारण निळा हा त्यांचा रंग असं कुणीतरी मोबाइलवर वाचलं होतं. आणि निळं कापड कुणी दिलं? माझ्या नवऱ्याने. दुकानातले उरलेले तुकडे. मला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून बोलला नव्हता.

"तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?" मी विचारलं.

"काहून? चांगलंच तर करून राहिले ते," तो म्हणाला. "एवढ्या वर्षांत कोणी आपल्या पोरीचं नाव तरी घेतलं होतं का? तू ना, प्रत्येक गोष्टीत कलम लावते."

मी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं, ती तिथे उभी असेल, तिच्यासमोर शंभर माणसं म्हणतील ऑटिझम घेऊन जा, तर ती काय समजेल? तो म्हणाला, तिच्या कानावर हेडफोन असतात, ढोलाच्या आवाजात तिला काही ऐकू जाणार नाही. त्याला स्वतःलाच ते पटलेलं नव्हतं, हे मला दिसत होतं.

मी आजोबांकडे गेले. त्यांचा चेहरा पडला. "बेटा, आमी तं तुमच्याचसाठी करून राहिलो ना," ते म्हणाले. समितीतल्या कुणाकुणाला त्यांनी यासाठी तयार केलं होतं, कोण कोण नाक मुरडत होतं, ते सांगायला लागले. मला कळत होतं की मी फार ताणलं तर बडग्या जाईल आणि त्याच्यासोबत मुलांची रांगही जाईल. मग बुटीबोरीच्या पोराच्या हातात बैल कधी यायचा? मला काय करावं सुचेना. मी बुटीबोरीच्या ताईला फोन केला. वाटलं, ती तरी माझ्या बाजूने बोलेल.

ती म्हणाली, "ताई, राग नका मानू. तुमच्या पोरीले शाळा हाय. तुमच्याकडं मॅडम येते शिकवाले. तुमी म्हणू शकता, ऑटिझम राहू द्या. मले इचारसान तं मी म्हणन, न्या बाप्पा, आजच्या आज न्या. मी तं लय जोरानं ओरडन."

मागे तिच्या पोराचा आवाज येत होता, तो काहीतरी गुणगुणत होता. मी "बरं" म्हणून फोन ठेवला. जग दुरुस्त करा म्हणणं मला परवडतं, तिचं जग तिच्या दाराच्या कडीपाशीच संपतं. पण म्हणून माझी भीती काही कमी झाली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि त्यांचं एकमेकींशी जमत नव्हतं.

शेवटी आजोबा आणि मी मिळून एक तोडगा काढला. बडग्या ऑटिझमचा नाही, अज्ञानाचा. त्याच्या पोटावर तसा कागद चिकटवायचा आणि माईकवरून म्हणायचं, "ऑटिझमबद्दलचं अज्ञान घेऊन जा गे मारबत." आजोबांनी ते माझ्यासमोर दोनदा म्हणून पाहिलं. मला हायसं वाटलं. म्हणजे माझ्या मानाने हायसं.

पाडव्याला दुपारी ऊन चांगलंच तापलं होतं. लेकीने बैलाला झेंडूची माळ घातली, कानांवर हेडफोन चढवले आणि रांगेत जाऊन उभी राहिली. कुणी तिला बाजूला व्हायला सांगितलं नाही. तिच्या पलीकडे बुटीबोरीचा मुलगा, सगळ्या पोरांत ताडमाड, हातात एवढासा बैल. त्याची आई नवी साडी नेसून आली होती. तिने त्याचं मनगट सोडलं होतं. आजोबांनी त्याला बोजारा म्हणून पेढा दिला, तो त्याने खाल्ला आणि हात पुन्हा पुढे केला. लोक हसले, पण चांगलं हसले. मीसुद्धा त्या दिवशी पहिल्यांदाच पोटभर श्वास घेतला.

मग हातगाडीवरून बडग्या आला. निळी पँट, निळा सदरा, बांबूचे हात पसरलेले. ताशा सुरू झाला. आजोबांनी माईकवर आमचं ठरलेलं वाक्य म्हटलं, अगदी नीट. लोकांनी ते एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना अडखळले. ताशाच्या ठेक्यात एवढं लांबलचक वाक्य बसेना. तिसऱ्या खेपेला ते आपोआप छोटं झालं आणि सगळ्यांच्या तोंडी नेमकं बसलं.

"ऑटिझम घेऊन जा गे मारबत!"

आजोबा हात हलवून थांबवायला बघत होते, पण लोकांना वाटलं, ते जोर वाढवायला सांगताहेत. आवाज चढत गेला. माझा नवरा माझ्याकडे बघायला तयार नव्हता. बुटीबोरीची ताई सगळ्यांत पुढे होती, डोळे मिटून, मुठी आवळून ओरडत होती, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. मी मान वळवून लेकीकडे पाहिलं. तिची जागा रिकामी होती. बैल तिथेच होता, माळेसकट.

मी रांगेत शोधलं, गाड्यांच्या मागे शोधलं, घरी धावत गेले. दार उघडं होतं, ती नव्हती. तिची शाळेची बॅग खुंटीवर नव्हती. पाण्याची बाटली नव्हती. मोठ्या रस्त्यावर मिरवणुकीचे ट्रक चालले होते. माझ्या मनात काय काय आलं ते लिहवत नाही. मी पुन्हा गर्दीकडे पळाले, तिला हाका मारत, नवऱ्याला हाका मारत.

तेवढ्यात ताशा थांबला. मग लोक थांबले. हातगाडीवर, बडग्याच्या पायाशी, माझी लेक बसली होती. पाठीला बॅग, मांडीवर बाटली, हेडफोन गळ्यात. पाय जुळवून, शाळेच्या रिक्षात बसते तशी.

"काय करतेस इथे?" माझा आवाज चिरकला.

"जाते," ती म्हणाली.

"कुठे?"

"माहीत नाही. सगळे सांगतात ना, घेऊन जा." मग म्हणाली, "बॅगेत टूथब्रश घेतला."

मी तिच्यासमोर रस्त्यावरच बसले. म्हटलं, तू कुठेही जायचं नाहीस. तिने विचारलं, मग कोण जाणार? मी बडग्याकडे बोट दाखवलं. तिने मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. "याला ऑटिझम आहे?" आजोबा माईक खाली ठेवून आले, गाडीच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "चुकलं बेटा आमचं." तिने विचारलं, "काय चुकलं?" ते नुसते उपरण्याने डोळे पुसत राहिले. मग नवरा आला. तिला हात लावलेला आवडत नाही, म्हणून त्याने नुसता हात पुढे धरला. बऱ्याच वेळाने तिने त्याचं एक बोट धरलं आणि उतरली. तो बडग्या कुणी जाळला नाही. गाडी तशीच कुणीतरी ओढून नेली.

लोक पांगायला लागले तेव्हा बुटीबोरीची ताई माझ्याजवळ आली. ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता. मला वाटलं माफी मागेल, आणि मला ती नको होती. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती वळून पोराकडे बघत होती. तो खाली बसून माझ्या लेकीच्या बैलाच्या माळेतली फुलं एकेक करून सोडवत होता.

"तुमची पोरगी बोलते, म्हणून समजलं तिले समजते," ती म्हणाली.

"हो."

"हा तं बोलतच नाई. ताई, हा बी समजून राहिला असन का वं?"

मला खोटं बोलता आलं असतं. तिच्या तोंडाकडे पाहून तसं वाटलंही. पण मी म्हणाले, "हो ताई. समजत असणार."

"सगळं?"

"बहुतेक सगळं."

तिने पदराचं टोक तोंडावर दाबलं. माझ्या दंडाला धरून ती हळूच खाली बसली. मग, त्याला ऐकू जाऊ नये एवढ्या बारीक आवाजात, म्हणाली, "मी सासूले बोलली होती, हा मरून गेला असता तं बरं झालं असतं. पुष्कळदा बोलली. हा तिथंच समोर बसून जेवून राहिला होता, ताई."